शहरातली सीट आणि आमची कोरी बोटं

"शहरमां तो आ वखते वोटिंग ज नथी," माझ्या मागे उभी असलेली बाई तिच्या मैत्रिणीला म्हणाली.

"सारुं ने, तडकामां ऊभुं नहीं रहेवुं पडे," मैत्रीण हसली.

शहरात या वेळी मतदानच नाही. बरं झालं, उन्हात उभं राहायला नको. एवढंच बोलून त्या दोघी पापडाच्या पिठाकडे वळल्या. नवागामातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चक्की आहे, तिथे मी गव्हाचा डबा घेऊन रांगेत होते. वळून "काय म्हणालात?" असं विचारावं, एवढंच काम होतं. माझ्याने ते झालं नाही. अनोळखी माणसाला प्रश्न विचारायचा तर मला आधी मनात वाक्य तयार करावं लागतं, आणि ते तयार होईपर्यंत माणूस निघून गेलेला असतो.

"जाडुं के झीणुं?" चक्कीवाल्याने विचारलं. मी चिमटी चोळून जाडसर असं दाखवलं. डब्यात गव्हाबरोबर मक्याचे दाणे पाहून तोच म्हणाला, "बाटीनुं?" मी मान हलवली.

ते दळण मतदानाच्या दिवशीच्या जेवणाचं होतं. मतदानाला अजून अवकाश होता, पण लग्नसराईत चक्कीवर गर्दी उसळते आणि मम्मीला अशी कामं आधी उरकून टाकायची सवय आहे. आमच्या घरात दिवाळीची तयारी उशिरा होते, मतदानाची वेळेवर.

दळण होईपर्यंत मी बाजूच्या सावलीत जाऊन मोबाइलवर बातमी शोधली. ती खरी होती. सुरतच्या लोकसभेच्या जागेवर एकाचा अर्ज बाद झाला होता, बाकीच्यांनी माघार घेतली होती, एकच उमेदवार उरला होता. म्हणून तो निवडून आला होता. मतदान होणार नव्हतं. मी ते गुजरातीत वाचलं, मग इंग्रजीत वाचलं. इंग्रजीत वाचलं की गोष्ट पक्की, ही माझी शाळेपासूनची समजूत. इंग्रजीतही तेच होतं.

असं होऊ शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मतदान कसं करतात ते होतं. ते न होताही निवडणूक पुरी होते, हे कुठे असलं तरी मी वाचलं नव्हतं. ऊन होतं, पीठ गरम होतं, डबा कमरेवर घेऊन मी घरी चालले होते आणि तीच बातमी मनात पुन्हा पुन्हा वाचत होते. कारण ते माझं पहिलं मत होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे कळणार नाही. आम्ही नवागामात राहतो. ती वस्ती सुरतमध्येच आहे. महापालिका सुरतची, पाणी सुरतचं. पण लोकसभेला नवागाम नवसारीच्या जागेत मोडतं. तिथे मतदान होणारच होतं. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणारे सगळे मत देणार होते. फक्त आम्ही नाही. आमची नावं शहरात होती. कोटाच्या आतल्या जुन्या चाळीत.

त्या चाळीत आमची एक खोली आहे. पप्पांचे थोरले भाऊ आणि वहिनी, म्हणजे माझे मोठे बाबा आणि मोठी माय, अजून तिथेच राहतात. पप्पा धुळ्याकडच्या गावातून लूमवर काम करायला आले ते त्याच खोलीत. तेव्हा यंत्रमाग त्या गल्लीतच होते. खाली माग, वर माणसं. दिवस पाळीवाले झोपायला आले की रात पाळीवाले त्याच गोधड्यांतून उठून जायचे.

त्या काळी सगळं सुरत एकाच जागेत होतं. कोटाच्या आतलं, बाहेरचं, स्टेशनपलीकडचं, उधन्याकडचं, सगळ्यांचा खासदार एक. पप्पा त्याला अजून "शहरनी सीट" म्हणतात. तिचा इतिहास मी कुठे वाचलेला नाही. तो मला जेवताना, रिक्षात, भांडणात कळला आहे. मोठे बाबा सांगतात, प्रचाराला उमेदवार गल्लीत पायी यायचे, कारण गाडी वळायचीच नाही. पण मागांच्या आवाजात त्यांचं कुणाला ऐकू जायचं नाही. मग त्यांचा माणूस पुढे पळत येऊन शेठला हात जोडायचा आणि शेठ घटकाभर खातं बंद ठेवायचा. खातं म्हणजे लूमचा कारखाना. सगळी गल्ली अचानक गप्प झाली की बायका घाबरून बाहेर यायच्या, लाइट गेली की कुणाला अपघात झाला म्हणून. आणि समोर हार घातलेला माणूस. मोठे बाबा म्हणतात, आम्हाला नेते दिसायच्या आधी शांतता यायची.

मोठ्या मायचा या गोष्टींवर विश्वास नाही. "ते काय बोलनात ते सांगा ना," ती अहिराणीत म्हणते. मोठे बाबा तिथे अडतात. कुणी काय बोललं हे त्यांना आठवत नाही. आवाज थांबला एवढंच आठवतं.

मग माग गल्लीतून बाहेर गेले, लिंबायतकडे, उधन्याकडे, पांडेसऱ्याकडे. मागांमागे माणसं गेली. चाळीत खोल्या गोदामांना दिल्या गेल्या, साड्यांचे गठ्ठे माणसांपेक्षा चांगलं भाडं देतात. आणि मी अगदी लहान असताना ती सीटही कापली गेली. शहरातून एक रेघ गेली. अलीकडचं सुरत राहिलं, पलीकडचं नवसारीला जोडलं. चाळ अलीकडे राहिली. चाळीतून निघालेली बहुतेक माणसं पलीकडे. म्हणजे मराठी माणसं जिकडे गेली होती तिकडे त्यांची जागाही चालत गेली होती, असं मला आता वाटतं. आम्ही मात्र मागे नावं ठेवून गेलो.

नावं तिथेच ठेवायची हा चाळीतल्या लोकांचा हट्ट होता. नियम काय म्हणतो हे कुणी विचारलं नाही. कुणी चलथाणला साखर कारखान्यात लागलं, कुणी कामरेजला गेलं, कुणी आमच्यासारखं नवागामात. गॅस बदलला, शाळा बदलल्या. मतदानाला सगळे चाळीत. त्या दिवशी खाती बंद असतात, सुटी असते. सकाळी पालिकेच्या शाळेत मत द्यायचं आणि दुपारी चाळीच्या चौकात वरण-बट्टी. सोबत वांग्याची घोटलेली भाजी. आमदारकी असो, पालिका असो, लोकसभा असो, वरण तेच.

आणि त्या जेवणाचा एक नियम होता. मोठी माय पातेल्यापाशी बसायची, हातात डाव. ताट घ्यायला येणाऱ्याला ती म्हणायची, "बोट दखाड, मंग ताट ले." बोट दाखव, मग ताट घे. बोटावर शाई असेल तर पहिल्या पंगतीला. शाई नसेल तर मागे, लहान मुलांबरोबर. एकदा चाळीतूनच बाहेर गेलेला एक नातलग सकाळभर झोपून राहिला आणि मत न देता जेवायला आला. मोठ्या मायने त्याला आमच्यात बसवलं. मिशा असलेला माणूस आम्हा पोरांत मांडी घालून बसला होता आणि आम्ही त्याला आपली बट्टी वाढत होतो.

मी सहा-सात वर्षांची असताना मार्करने डाव्या तर्जनीवर जांभळी रेघ ओढली आणि रांगेत उभी राहिले. मला वाटलं होतं हसतील. मोठ्या मायने माझं बोट धरलं, उजेडाकडे केलं, पदराला थुंकी लावून पुसलं. रेघ गेली. "खोटी शाई चालाव नही," ती म्हणाली, सगळ्यांसमोर. खोटी शाई चालणार नाही. लोक हसले. मी त्यानंतर कितीतरी दिवस चाळीत गेले की मोठ्या मायच्या समोर यायचं टाळत होते. पण तेव्हाच ठरवलं, खरी शाई लावून यायचं.

माझी अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा मम्मीच म्हणाली होती, "हिचं नाव इथंच टाकू ना. दोन पावलांवर शाळा आहे." मम्मी साड्यांचे धागे कापायचं काम घरी करते, ती कात्री न थांबवता बोलते.

पप्पा लगेच म्हणाले, "आपन काय नवसारीना शेतस का?" आपण काय नवसारीचे आहोत?

"नवागामात राहतो ना आपण?"

"राहतस आठे. पन नाव शहरमा शे."

राहतो इथे, नाव शहरात आहे. पप्पांच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हतं. हे पप्पांनी मला एकदाच नीट सांगितलं आहे, रिक्षात, रिंग रोडच्या पुलाखाली अडकलो होतो तेव्हा. ते नवे होते तेव्हा गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारायचं नाही. शेठ "ए मराठी" म्हणायचा, दुकानदार "बहारनो" म्हणायचा, बाहेरचा. पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा आतल्या बाबूने त्यांचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. उच्चार गुजराती होता, पण नाव पूर्ण होतं. आणि कुणीही "हा इथला नाही" असं म्हटलं नाही. पप्पा म्हणाले, "तव्हळ मले समजनं, आपन सुरतना शेतस." तेव्हा मला कळलं, आपण सुरतचे आहोत.

शाळेत हजेरी घेताना माझं आडनाव बाईंच्या तोंडात नेहमी अडकायचं आणि मला जमिनीत जावंसं वाटायचं. पण पप्पांचं ऐकून मला मतदानाच्या त्या खोलीची वाट पाहावीशी वाटू लागली, जिथे नाव मोठ्याने घेतात आणि आपल्याला काही उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून मी पप्पांच्या बाजूने झाले. म्हणजे गप्प राहिले. आमच्या घरात माझं गप्प राहणं होकार धरलं जातं.

चक्कीवरून आले त्या दिवशीही मी गप्पच राहिले. पीठ ठेवलं. मम्मीने बोटांत घेऊन पाहिलं, "छान जाडसर आलंय," म्हणाली. मी साडीचं एक टोक धरून धागे कापायला बसले. सांगायचं वाक्य तयार होत होतं. संध्याकाळी पप्पा आले, चहा घेतला आणि फोनवर बसले. ते चलथाणच्या मित्राला सांगत होते, वांगी तू आण, तिकडे चांगली मिळतात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यंदा मनी पोर बी बोट दखाडी." माझी मुलगीही बोट दाखवेल. मी कात्री खाली ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले.

आत असतानाच त्यांना मोठ्या बाबांचा फोन आला. पप्पांचा आवाज आधी चढला. "कोनी सांगं तुले? असं कसं व्हई?" मग तो खाली आला. मी दारात आले. त्यांनी फोन कानावरून काढून मला म्हटलं, "बेटा, तुना मोबाइलमा देख बरं. दादा काहीतरीच सांगी राह्यना."

मला शोधावं लागलं नाही. ते पान उघडंच होतं. मी वाचून दाखवलं. घरात मी इतकं मोठ्याने क्वचितच वाचते. पप्पांनी ऐकलं आणि विचारलं, "ते शेवटलं बटन राहतं ना? कोनीच नको म्हनाचं? ते बी नही?"

"मशीनच नाही ठेवणार, पप्पा."

ते माझ्याकडे वळले. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की मी एकदाही अडखळले नव्हते. "तुले माहीत व्हतं?"

मी मान हलवली. ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी डावा हात समोर धरला आणि तर्जनी बघितली, जणू तिलाच काही झालं होतं. मग म्हणाले, "इतला सालमा असं नही व्हयनं." इतक्या वर्षांत असं झालं नाही. हे ते त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, मम्मीला, शेजाऱ्याला, बूट घालताना स्वतःशी. कुणावर चिडायचं हेच त्यांना कळत नव्हतं. जे झालं ते नियमात बसत होतं असं टीव्हीवाले सांगत होते. ज्याला नियम म्हणतात त्याने असा धक्का बसू शकतो, हे मला नवीन होतं.

जेवण रद्द करायचं असं पप्पा म्हणाले. मोठी माय फोनवर एवढ्या जोरात बोलली की आम्हालाही ऐकू आलं. "दळन दळाई गयं ना? ते काय चक्कीवालाले वापस देवानं का?" दळण झालंय, ते काय परत करायचं? आणि विषय संपला.

मतदानाच्या सकाळी आम्ही पिठाची पिशवी, तुपाचा डबा घेऊन निघालो. गल्लीच्या टोकाच्या शाळेबाहेर रांग लागली होती. आमच्या समोर राहणारी मावशी रांगेतून ओरडली, "काय हो शहरवाले! तुमचा तर घरबसल्या निकाल लागला!"

रांगेतले हसले. दुसरी एक म्हणाली, "अगं, मोठी माणसं ती. आपल्यासारखं उन्हात उभं राहतात होय?"

मम्मीही हसली, कारण हसायलाच हवं होतं. पप्पा रिक्षावाल्याशी भाव करत राहिले. मी त्या दाराकडे पाहत होते. आतून एका बाबूचा आवाज येत होता, कुणाचं तरी पूर्ण नाव, आडनावासकट. मग आणखी एक नाव. माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी, खालच्या मजल्यावर राहणारी मुलगी बोट फुंकत बाहेर आली. शाई अजून ओली होती. माझ्याशी तिची फारशी ओळख नाही, तरी तिने बोट वर करून मला दाखवलं. मीही हसून हात वर केला, आणि मग तो हात कुठे ठेवावा कळेना.

चाळीत पोचलो तेव्हा बहुतेक मंडळी आली होती. कुणी आपणहून शाळेकडे वळलं, मग सगळेच वळले. सवयच होती ती. दर वेळी आधी शाळा, मग चौक. फाटकाला कुलूप होतं. सुटीचे दिवस, त्यामुळे आवारात धूळ आणि एक उलटा पडलेला बाक. पोलीस नाही, टेबल नाही, चुन्याच्या रेघा नाहीत. रस्त्यावर भाजीवाल्या नेहमीसारख्या बसल्या होत्या. त्या दिवशी निवडणूक आहे असं तिथे एकाही गोष्टीवरून कळत नव्हतं.

बातमी सगळ्यांना दोन आठवडे माहीत होती. तरी फाटकापाशी ते असे उभे राहिले की जणू आत्ता कळलं. चलथाणचे काका वांग्यांची पिशवी हातात घेऊन होते, त्यांनी ती खाली ठेवली नाही. मोठ्या बाबांनी कुलूप हलवून पाहिलं. ते का हलवून पाहिलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पप्पा त्या खोलीच्या खिडकीकडे बघत होते, जिथे त्यांचं नाव वाचलं गेलं होतं. कुणीतरी विनोद करायचा प्रयत्न केला, "आवाज बंद व्हई गया रे, नेता उना का देखा." आवाज बंद झाला, नेता आला का बघा. मोठे बाबासुद्धा हसले नाहीत.

चौकात बट्ट्या वाफवून, कापून, तुपात तळून तयार झाल्या. सतरंज्या पसरल्या. मोठी माय पातेल्यापाशी बसली, डाव हातात घेतला. पहिले मोठे बाबा गेले, थोरले म्हणून.

"बोट दखाड," मोठी माय म्हणाली. सवयीने. आणि तिचा हात वरच राहिला.

मोठ्या बाबांचं बोट आधीच पुढे आलं होतं. तेही सवयीने. कोरं बोट. मी त्या दोघांच्या मधल्या त्या बोटाकडे पाहत होते, आणि मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. बातमी वाचतानाही अशी वाटली नव्हती. ही माणसं भांडतात, रडतात, पण त्या दिवशी ती काहीच करत नव्हती.

तेवढ्यात डिंडोलीचे काका आत आले. पप्पांबरोबर एकाच खात्यात काम केलेले. त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी आपलं नाव डिंडोलीला, म्हणजे नवसारीच्या सीटमध्ये, नेलं होतं, आणि तेव्हापासून चाळीत त्यांना "नवसारीवाला" म्हणत. दर निवडणुकीला ते मत देऊन येत आणि दर निवडणुकीला शाई असूनही कुणी ना कुणी म्हणे, "ही बाहेरनी शाई शे, हिले अर्धीच बट्टी."

त्यांच्या बोटावर शाई होती. चौकात तेवढीच.

ते दारातच थांबले आणि त्यांनी हात पाठीमागे नेला. मोठ्या मायने ते पाहिलं.

"लपाडी का राह्यना? ये. आज तूच पहिला." लपवतोस कशाला, आज तूच पहिला.

"मले एकलाले जेवाडशी का वहिनी?" ते कसंनुसं म्हणाले. "सगळा मना तोंडकडे देखतीन. घास उतरी का?"

कुणीतरी हसलं. मग चलथाणचे काका म्हणाले, "अरे, स्केचपेन शे का कोनापान? चला, आपलीच शाई लावू." एका पोरीच्या दप्तरात जांभळं स्केचपेन निघालं. आणि मग सगळे एकदम सुटल्यासारखे झाले. मोठ्या बाबांनी बोट पुढे केलं, चलथाणच्या काकांनी रेघ ओढली, त्यांनी ते वर करून फिरवलं. टाळ्या. मम्मीने लावून घेतली. बायका खिदळत रांगेत आल्या. "मना नखवर बी येवा दे." "अरे, मले दोन लाव, मना दोन निवडणुकीसनं एकदम व्हई जाई." आणि पप्पांनीही बोट पुढे केलं. ते हसत होते. त्या दोन आठवड्यांत ते पहिल्यांदाच हसत होते, आणि मला ते बघवेना.

मोठ्या मायने थांबवायला हवं होतं. मी तिच्याकडे पाहत राहिले. जिने माझं बोट पदराने पुसलं होतं ती स्वतः आपलं बोट पुढे करून बसली होती आणि म्हणत होती, "थोडी गडद लाव, नखले लागू दे." मग तिने स्केचपेन हातात घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"ये व माय. तुनं पहिलंच शे. आन बोट."

तुझं पहिलंच आहे. चौक माझ्याकडे बघत होता. सगळे मायेने बघत होते, हे मला कळत होतं. पप्पा मान हलवत होते, जा, घे लावून. माझा हात अर्धा पुढे गेला होता. पेनाचं जांभळं टोक माझ्या नखाजवळ आलं, आणि मी हात मागे घेतला.

"काय व्हयनं?" मोठी माय म्हणाली.

चौकात कुणीतरी "लाजस ती" म्हणालं. लाजते ती. माझ्या मनात वाक्य तयार नव्हतं. नेहमी ते आधी मराठीत किंवा गुजरातीत तयार होतं. अहिराणी मी फक्त ऐकते, बोलले तर पोरं हसतात. मी पप्पांकडे पाहिलं. त्यांच्या बोटावरची रेघ घामाने आधीच पसरायला लागली होती. डिंडोलीचे काका अजून दारातच उभे होते, हात पाठीमागे.

"मी मनं नाव नवागामले लई जासू, मोठी माय," मी म्हणाले. माझं नाव मी नवागामला नेईन. "बोट दखाडाले मातर आठेच येसू."